लिव्हरचा भाग काढल्यावर उरलेलं लिव्हर कसं वाढतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लिव्हरचं ऑपरेशन ठरलेले रुग्ण, लिव्हर देणारे दाते आणि दोघांच्या घरचे यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे प्रश्न आधी आहेत, अडचणीचे आणि अपवादाचे नंतर. आकडे सर्वसाधारण आहेत. तुमचा सीटी बघून सर्जननी वेगळा आकडा सांगितला असेल तर तोच धरा.

१. कापलेला भाग पुन्हा उगवतो का?

नाही. सगळे पालीच्या शेपटीचं उदाहरण देतात आणि घोळ तिथेच होतो. पालीला तुटल्या जागी नवी शेपटी येते. लिव्हरला तुटल्या जागी काहीच येत नाही, उरलेला भाग मोठा होतो. जुन्या वाड्याचा एक चौक पाडला, तो पुन्हा बांधला नाही, पण राहिलेल्या चौकातल्या खोल्याच ऐसपैस होत गेल्या, असं काहीसं.

उजवा भाग काढला तर त्याच्या रक्तवाहिन्या, त्याची पित्तनलिका आणि सोबत काढलेलं पित्ताशय कायमचं गेलं. डावा भाग फुगतो, गोलसर होतो आणि उजवीकडच्या रिकाम्या जागेत सरकतो. वजन बरंचसं भरून येतं, पण आकार पूर्वीसारखा कधीच होत नाही. पुढची बहुतेक उत्तरं या एका गोष्टीवर उभी आहेत: जे वाढायचं ते उरलेल्यातूनच वाढणार, म्हणून काय काढलं यापेक्षा काय उरलं आणि ते कसं आहे हे महत्त्वाचं.

२. लिव्हर मुळात किती मोठं असतं? डॉक्टर ‘सेगमेंट ५, ६’ म्हणतात ते काय?

मोठ्या माणसाचं लिव्हर शरीराच्या वजनाच्या साधारण २ टक्के, म्हणजे सव्वा ते दीड किलोच्या आसपास असतं. फ्रेंच सर्जन क्लोद क्विनो यांनी १९५७ मध्ये त्याचे ८ भाग मांडले. प्रत्येक सेगमेंटला रक्ताची आपली फांदी आणि पित्ताची आपली नळी असते, म्हणून एक काढला तरी शेजारचा जगतो. ५ ते ८ हे उजवं लिव्हर, २ ते ४ डावं, आणि १ म्हणजे मागे दडलेला छोटा कॉडेट लोब. उजवं लिव्हर एकूण आकारमानाच्या साधारण ६० ते ६५ टक्के भरतं. २ आणि ३ मिळून १५ ते २० टक्के.

तुमच्या बांध्याला किती लिव्हर ‘अपेक्षित’ आहे हे काढायला जपानी उराता सूत्र बरंच वापरतात: शरीराचं पृष्ठफळ चौरस मीटरमध्ये, गुणिले ७०६.२, अधिक २.४. उंची १६५ सेंमी आणि वजन ६५ किलो असेल तर पृष्ठफळ सुमारे १.७३ येतं आणि लिव्हर सुमारे १२२० मिली. एक मिली म्हणजे जवळपास एक ग्रॅम धरतात.

३. उरलेल्या पेशींना कसं कळतं की भाग कापला गेलाय?

पहिला निरोप रक्ताच्या दाबाचा. लिव्हरला दोन वाटांनी रक्त येतं: आतडी आणि प्लीहेकडून पोर्टल व्हेनमधून सुमारे तीन चतुर्थांश, आणि बाकीचं हेपॅटिक आर्टरीतून. मिळून मिनिटाला सव्वा ते दीड लिटर. दोन तृतीयांश लिव्हर काढलं तरी आतड्यांकडून येणारं रक्त काही कमी होत नाही. तेवढंच रक्त आता एक तृतीयांश लिव्हरमधून जायला लागतं, म्हणजे प्रत्येक ग्रॅमच्या वाट्याला पोर्टल रक्त जवळपास तिप्पट. सूक्ष्म वाहिन्यांच्या अस्तराला हे घर्षण जाणवतं. काही मिनिटांत युरोकायनेज नावाचं एन्झाइम जागं होतं आणि पेशींच्या भोवतालच्या जाळीत साठवून ठेवलेला हेपॅटोसाइट ग्रोथ फॅक्टर (यकृतपेशींना वाढायला लावणारं प्रथिन) मोकळा होतो.

पाठोपाठ लिव्हरमधल्या कुप्फर पेशी (तिथल्या संरक्षक पेशी) टीएनएफ आणि इंटरल्युकिन-६ ही निरोप देणारी प्रथिनं सोडतात. त्यामुळे यकृतपेशी विभागायला ‘तयार’ होतात. विभागायला लावतात ते ग्रोथ फॅक्टर. स्वादुपिंडाकडून येणारं इन्सुलिन, पित्ताम्लं, नॉरएड्रिनलिन हे मदतनीस. निरोप रक्तातून फिरतो हे १९६७ मध्येच दिसलं होतं: दोन उंदरांचं रक्ताभिसरण जोडून एकाचं लिव्हर कापलं, तर दुसऱ्याच्या अखंड लिव्हरमध्येही पेशी विभागायला लागल्या.

४. पेशी संख्येने वाढतात की आकाराने?

दोन्ही, आणि किती कापलं त्यावर ते ठरतं. जपानी संशोधकांनी २०१२ मध्ये छोट्या उंदरांवर दाखवलं की ३० टक्के काढलं तर पेशी फक्त फुगतात, जवळपास विभागतच नाहीत. ७० टक्के काढलं तर आधी फुगतात, मग विभागतात. आणि तरीही सरासरी प्रत्येक पेशी पूर्ण एकदासुद्धा विभागत नाही, ०.७ वेळाच. म्हणजे ‘पेशींचा स्फोट होतो’ वगैरे वर्णनं अतिशयोक्तीची आहेत. हे काम नेहमीच्या, कामावर असलेल्या यकृतपेशीच करतात. वेगळ्या मूळ पेशींची फौज यावी लागत नाही.

५. वाढ झाली की संपलं ना? ‘रीमॉडेलिंग’ हा वेगळा प्रकार काय?

हाच भाग लोक सोडून देतात, आणि ऑपरेशननंतरचे पहिले काही आठवडे कसे जातात ते याच्यावर ठरतं.

नेहमीच्या लिव्हरमध्ये यकृतपेशी एकेरी रांगांत उभ्या असतात, दोन रांगांच्या मधून सायनुसॉइड नावाची अतिसूक्ष्म रक्तवाहिनी वाहते. म्हणजे प्रत्येक पेशीच्या दोन्ही अंगांना रक्त. ही मांडणी आहे म्हणून तर लिव्हर रक्त गाळू शकतं. वाढीच्या घाईत ती मोडते. मोठ्या उंदरांमध्ये यकृतपेशींच्या विभाजनाची लाट २४ तासांच्या सुमारास शिखरावर असते, पण रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशी मागाहून विभागायला लागतात. त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली १०-१४ यकृतपेशींचे गुच्छ दिसतात, आणि गुच्छाच्या आत रक्तवाहिनीच नसते. पेशी आहेत, पण मधल्या पेशीपर्यंत रक्त पोचत नाही. मग यकृतपेशी व्हीईजीएफ (रक्तवाहिन्या वाढवणारं प्रथिन) सोडून अस्तराच्या पेशींना बोलावतात, त्या गुच्छात घुसतात, स्टेलेट पेशी त्यांच्याभोवती नवी जाळी विणतात, आणि गुच्छ फुटून रांगा होतात. काही काळ रांगा दुहेरी राहतात, हळूहळू एकेरी होतात.

याच काळात थांबण्याचे निरोपही येतात, टीजीएफ-बीटा त्यातला मुख्य. वाढ थोडी जास्त झाली असेल तर जादा पेशी स्वतःहून मरतात. उंदरांमध्ये शेवटी जे दिसतं ते गमतीचं आहे: लिव्हरच्या षटकोनी घटकांची, लोब्यूलची, संख्या फारशी वाढत नाही; असलेले लोब्यूल मोठे होतात. पहिल्या प्रश्नातल्या वाड्याच्या खोल्या त्या ह्याच.

रुग्णाच्या दृष्टीने अर्थ एवढाच की सीटीवर आकार वाढलेला दिसला म्हणजे तेवढं काम वाढलं असं नाही. मांडणी लागेपर्यंत काम आकाराच्या मागे असतं (प्रश्न ८ मध्ये हे पुन्हा येईल).

६. किती दिवसांत किती वाढतं?

‘सहा आठवड्यांत शंभर टक्के’ हे वाक्य जवळपास प्रत्येक घरात कोणीतरी ऐकून आलेलं असतं. भराभर पूर्ण भरून येण्याची गोष्ट उंदरांची आहे. १९३१ मध्ये हिगिन्स आणि अँडरसन यांनी उंदरांचं दोन तृतीयांश लिव्हर काढण्याची पद्धत नोंदवली. त्यात सात ते दहा दिवसांत वजन भरून येतं. माणसात सगळ्यात वेगाने वाढ पहिल्या एक-दोन आठवड्यांत होते, मग वेग उतरतो. उजवा भाग दिलेल्या निरोगी दात्यांचं लिव्हर तीन महिन्यांत मूळच्या साधारण ८० टक्क्यांपर्यंत जातं, त्यानंतरची वाढ संथ. अनेकांचं वर्षानंतरही पूर्ण १०० होत नाही आणि व्हायची गरजही नसते, कारण मुळात लिव्हरकडे बरीच जादा क्षमता असते.

७. कमीत कमी किती लिव्हर ठेवावंच लागतं?

लिव्हर निरोगी असेल तर किमान २० टक्के, बरीच केमोथेरपी झाली असेल तर ३०, सिरॉसिस (लिव्हरमध्ये व्रण पडून ते कडक होणं) असून काम ठीक असेल तर ४०. जिवंत दात्याच्या बाबतीत सर्जन जास्त सावध असतात: ३० ते ३५ टक्क्यांखाली सहसा जात नाहीत.

हे टक्के काढताना एक चूक वारंवार होते. गाठीचं आकारमान एकूणातून वजा करायचं असतं, कारण गाठ काम करत नाही. एकूण १५००, गाठ ३००, उरणार ३६० मिली. ३६० भागिले १५०० केलं तर २४ टक्के येतात. बरोबर हिशेब ३६० भागिले १२००, म्हणजे ३० टक्के.

प्रत्यारोपणात घेणाऱ्याचा हिशेब वेगळा: तुकड्याचं वजन रुग्णाच्या वजनाच्या निदान ०.८ टक्के हवं. ७० किलोच्या माणसाला ५६० ग्रॅम. पोटात पाणी भरलेल्या रुग्णाचं वजन फसवं असतं, तिथे पाण्याआधीचं वजन धरतात.

८. उरणारा भाग कमी पडत असेल तर ऑपरेशनच होणार नाही का?

आधी तो वाढवून घेता येतो. जो भाग काढायचा आहे त्याची पोर्टल व्हेनची फांदी कॅथेटरने बंद करतात. यात पोट उघडावं लागत नाही, सुई त्वचेतून लिव्हरमध्ये जाते. सगळं पोर्टल रक्त राहणाऱ्या भागाकडे वळतं आणि तो वाढायला लागतो. प्रश्न ३ मधलीच यंत्रणा मुद्दाम चालवलेली. तीन ते सहा आठवड्यांनी पुन्हा सीटी काढून मोजतात.

नुसता आकडा बघून भागत नाही, वेगही बघतात. उरणाऱ्या भागाचा टक्का आठवड्याला २ पेक्षाही कमी सरकत असेल तर ते लिव्हर ऑपरेशननंतर दमण्याची शक्यता जास्त. म्हणून ‘चार आठवडे थांबून काहीच झालं नाही’ हीसुद्धा एक तपासणीच आहे. आपल्या लिव्हरची वाढायची ताकद आधीच कळली.

दुसरा मार्ग ॲल्प्स नावाचा, दोन टप्प्यांचा: पहिल्या ऑपरेशनमध्ये काढायच्या भागाची पोर्टल फांदी बांधून लिव्हर मधून चिरतात पण काढत नाहीत, एक-दोन आठवड्यांनी काढतात. २०१२ मध्ये जर्मन सर्जननी याची माहिती दिली तेव्हा नऊ दिवसांत ७० टक्क्यांहून अधिक वाढ बघून सगळे थक्क झाले होते. पण आकार जितका वाढतो तितकं काम वाढत नाही हेही पुढे दिसलं, आणि धोका जास्त आहे. निवडक रुग्णांसाठीच तो राखून ठेवतात, हे योग्यच आहे.

९. सोनोग्राफीत फॅटी लिव्हर आलंय. देता येईल का? कापलं तर वाढेल का?

चरबीने भरलेल्या पेशीत सायनुसॉइड दबतात, ऑपरेशनच्या वेळी रक्त थोडा वेळ अडवल्यावर इजा जास्त होते आणि वाढ उशिरा सुरू होते. चरबी ३० टक्क्यांहून अधिक असेल तर दाता म्हणून सहसा नाकारतात. सोनोग्राफीतला ‘ग्रेड १’ हा शब्द ढोबळ आहे. दात्यात चरबी सीटीवर लिव्हर आणि प्लीहेची घनता ताडून, एमआरआयने किंवा गरज पडल्यास बायोप्सीने मोजतात.

नकार कायमचा असतोच असं नाही. काही आठवडे खाणं आवरून, रोज चालून पाच-सात किलो उतरवलेले दाते पुन्हा तपासणीत पास होतात. मात्र उपाशी राहून झटपट वजन पाडू नका, त्याने लिव्हरची चरबी वाढूही शकते. डायबेटिस असेल तर साखर आधी आटोक्यात आणा; इन्सुलिन हे यकृतपेशींचं खतच आहे.

१०. सिरॉसिस झालेलं लिव्हर वाढत नाही का?

वाढतं, पण वाकडं आणि हळू. सिरॉसिसमध्ये दिसणाऱ्या गाठीगाठी म्हणजे पेशींनी वर्षानुवर्षं केलेले वाढीचे प्रयत्नच असतात. भोवती चिवट व्रणाच्या भिंती असल्याने रांगा आणि रक्तवाहिन्यांची मांडणी लागत नाही (प्रश्न ५). त्यात पोर्टल दाब आधीच चढलेला असतो. म्हणून ४० टक्क्यांची अट, आणि प्लेटलेट खूप कमी, पोटात पाणी किंवा कावीळ असेल तर मोठा भाग काढण्याऐवजी गाठ जाळणं किंवा प्रत्यारोपण यांचा विचार.

११. ऑपरेशननंतर रोजचे रिपोर्ट वरखाली होतात. घाबरायचं कधी?

एसजीओटी-एसजीपीटी (यकृतपेशींना झालेली इजा दाखवणारी एन्झाइम) पहिल्या दिवशी शेकड्यांत जातात, आठवड्याभरात उतरतात. एकटा तो आकडा बघून रडारड करू नका. बिलिरुबिन (काविळीचा आकडा) आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा) पहिल्या दोन-तीन दिवसांत चढून पाचव्या दिवसापर्यंत उतरणीला लागायला हवेत. पाचव्या दिवशी आयएनआर साधारण १.७ च्या वर आणि बिलिरुबिन ३ च्या वर, दोन्ही एकदम असतील तर लिव्हर दमलं आहे असं समजून डॉक्टर पुढची पावलं उचलतात. ‘५०-५०’ निकष म्हणतात तो हाच.

फॉस्फेट दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बरंच खाली येतं. शिरेतून फॉस्फेट चालू केलं तर ते नेहमीचंच आहे. फार कमी झालं तर श्वासाचे स्नायू आणि हृदय अशक्त होतं म्हणून भरून काढतात. जीजीटी आणि अल्कलाइन फॉस्फटेज दुसऱ्या आठवड्यात, सगळं छान चाललेलं असताना चढतात. घरी गेल्यावर लॅबचा लाल अक्षरातला रिपोर्ट बघून अनेकांना धक्का बसतो तो बहुतेकदा यामुळे. सोबत कावीळ, ताप, खाज नसेल तर पुढच्या भेटीपर्यंत थांबायला हरकत नसते. दात्यांच्या प्लेटलेट पुढे बराच काळ पूर्वीपेक्षा थोड्या कमी राहतात.

फोन करायचा तो या गोष्टींसाठी: गुंगी किंवा असंबद्ध बोलणं, हात पुढे धरल्यावर पंजे फडफडणं, डोळे पिवळे होत जाणं, पोट वाढत जाणं, शौचाला काळं होणं, ३८ अंश सेल्सिअसच्या वर ताप.

१२. ‘लिव्हर छोटं पडलं’ म्हणजे नेमकं काय बिघडतं?

जो प्रवाह वाढ सुरू करतो तोच अती झाला की मारतो. खडकवासला धरणातून विसर्ग बेताचा असेल तर मुठेला पाणी येतं; एकदम वाढवला तर पुण्यातला भिडे पूल पाण्याखाली जातो. तुकडा फारच लहान असेल तर पोर्टल रक्ताच्या लोंढ्याने सायनुसॉइडचं अस्तर सोलून निघतं. शिवाय पोर्टल रक्त वाढलं की हेपॅटिक आर्टरी आपोआप आकसते. पित्तनलिका जगतात त्या आर्टरीच्या रक्तावर, त्यामुळे त्यांचे हाल होतात. बाहेरून दिसते ती न उतरणारी कावीळ आणि पोटात ठेवलेल्या ड्रेनच्या नळीतून रोज लिटरभर पाणी. उपाय दाब कमी करण्याचे: प्लीहेची धमनी बांधणं, औषधं, क्वचित काही रक्त दुसरीकडे वळवणं.

१३. ड्रेनच्या नळीतून हिरवट-पिवळं पाणी येतंय. लिव्हर वाढत नाहीये का?

ते पित्त असू शकतं आणि त्याचा वाढीशी थेट संबंध नाही. कापलेल्या पृष्ठभागावरची एखादी बारीक नळी गळते. तिसऱ्या दिवशी किंवा नंतर नळीतल्या पाण्याचं बिलिरुबिन रक्ताच्या तिप्पट किंवा जास्त असेल तर गळती नक्की. बरीच प्रकरणं नळी ठेवून आपसूक थांबतात, काहींना एंडोस्कोपीने पित्तनलिकेत स्टेंट घालावा लागतो. नळी घरी स्वतः काढायची नाही आणि पिशवी पोटाच्या पातळीच्या वर टांगायची नाही. मात्र आत साचलेल्या पित्तात जंतू वाढले तर ताप येतो, आणि संसर्ग वाढीला नक्कीच खीळ घालतो.

१४. खायला काय द्यायचं? तूप-तेल बंद का?

सरसकट बंद नाही. लिव्हरला बांधकामाचं साहित्य लागतं: किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रोटीन आणि ३० च्या आसपास कॅलरी. ६० किलोच्या माणसाला ७२ ते ९० ग्रॅम प्रोटीन. नुसत्या मऊ भात-वरणावर ठेवलेल्या माणसाच्या पोटात याच्या निम्मंही जात नाही. काळजीपोटी होणारी सगळ्यात मोठी चूक हीच.

साधारण हिशेब असा: सकाळी दोन अंडी आणि कपभर दूध १८ ग्रॅम, दुपारी दोन भाकऱ्या, वाटीभर मटकीची उसळ, वाटीभर दही २३, संध्याकाळी मूठभर फुटाणे ६, रात्री १०० ग्रॅम पनीर, दोन पोळ्या, वाटीभर वरण ३०. एकूण ७७. एका वेळी जात नसेल तर सहा वेळा थोडं थोडं. झोपण्यापूर्वी काहीतरी खाच, लहान झालेल्या लिव्हरचा साखरेचा साठा रात्रीत संपतो. एकादशी, चतुर्थी, नवरात्राचे उपास पहिले तीन महिने सोडा. साबुदाण्याच्या खिचडीत प्रोटीन जवळपास नसतं. गुंगी आलेल्या रुग्णाचा आहार मात्र डॉक्टर ठरवतील.

पाणी उकळूनच. हिपॅटायटिस ए आणि ई दोन्ही दूषित पाण्यातून येतात (पुण्याच्या एनआयव्हीत, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेत, हिपॅटायटिस ई वर वर्षानुवर्षं काम झालं आहे ते उगीच नाही). रसवंतीतला बर्फ घातलेला उसाचा रस, पाणीपुरी, कापून ठेवलेली फळं पहिले काही महिने नकोत. पावसाळ्यात तर नकोच.

१५. गुळवेल, भुईआवळा, लिव्हर टॉनिक, काविळीची माळ यांनी वाढ लवकर होते का?

माणसात लिव्हरची वाढ लवकर करणारं सिद्ध झालेलं कुठलंही औषध आज बाजारात नाही, ॲलोपॅथीचंही नाही. गुळवेलीच्या सेवनानंतर लिव्हरला इजा झालेले रुग्ण २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवले. अर्ध्या लिव्हरवर असताना हा जुगार खेळू नये. काढ्यात नेमकं काय आहे हे कोणाला माहीत नसतं हा मोठा त्रास आहे. कावीळ वाढली तर ती काढ्याची की गळतीची हे ओळखता येत नाही आणि दिवस फुकट जातात.

माळ गळ्यात घातल्याने अपाय नाही, उपयोगही नाही. ती आपोआप लांबते ती गाठी सैल होऊन.

१६. दुखल्यावर कोणती गोळी? दारू कधी?

पॅरासिटामॉल चालतं, पण दिवसाला २ ग्रॅमच्या आत, म्हणजे ५०० च्या चार गोळ्या. सर्दीच्या गोळ्यांतही तेच असतं, ते मोजायचं विसरू नका. आयब्रुफेन, डायक्लोफेनॅक टाळा, किडनी आणि रक्तस्राव दोन्हींसाठी. दारू वाढीच्या काळात पूर्ण बंद. प्राण्यांमध्ये तिने पेशींचं विभाजन मंदावतं हे स्पष्ट दिसलेलं आहे. दारूने किंवा चरबीने ज्यांचं लिव्हर बिघडलं होतं त्यांनी हा प्रश्न पुन्हा विचारायचाच नाही.

१७. कामावर कधी? टू-व्हीलर कधी? सिंहगड कधी?

इथे लिव्हरपेक्षा पोटाच्या टाक्यांचा हिशेब मोठा आहे. सहा ते आठ आठवडे चार-पाच किलोच्या वर उचलायचं नाही. वीस लिटरचा पाण्याचा जार वीस किलो भरतो, भरलेलं गॅस सिलिंडर तीसच्या आसपास. दोन्हींना हात लावू नका, नाहीतर हर्निया. टेबलावरचं काम चार ते सहा आठवड्यांनी, अंगमेहनतीचं तीन महिन्यांनी. टू-व्हीलर साधारण सहा आठवड्यांनी, आणि तेही न दुखता एकदम ब्रेक दाबता आला तर. पुण्याच्या खड्ड्यांचा विचार करता आठवडाभर उशीर केलात तर चांगलंच. चालणं मात्र दुसऱ्या दिवसापासून. महिन्याभराने पर्वतीच्या १०३ पायऱ्या सावकाश जमतात. सिंहगड तीन महिन्यांनंतर, पाठीवर सॅक न घेता.

१८. एकदा लिव्हर दिलेल्याला पुन्हा देता येईल का? रुग्णाचं दुसऱ्यांदा ऑपरेशन होऊ शकतं का?

दात्याला नाही. आकार भरला तरी त्याच्याकडे आता रक्तवाहिन्या आणि पित्तनलिकेचा एकच संच उरलेला असतो, वाटणी करायला दुसरा नाही. रुग्णाचं मात्र होऊ शकतं. आतड्याच्या कॅन्सरच्या गाठी लिव्हरमध्ये पुन्हा आल्या तर दुसऱ्यांदा, कधी तिसऱ्यांदाही भाग काढतात आणि लिव्हर पुन्हा वाढतं. अडचण वाढीची नसते. जागा बदललेल्या वाहिन्या आणि आतडी चिकटलेली असणं ही असते.

१९. मोठ्या माणसाच्या लिव्हरचा तुकडा लहान मुलाला लावला तर तो मुलाबरोबर वाढतो का?

हो. सहसा सेगमेंट २ आणि ३ देतात आणि तो तुकडा मुलाच्या वाढीबरोबर मोठा होतो. लिव्हर शरीराच्या मापाने स्वतःला बसवतं: लहान कुत्र्याचं लिव्हर मोठ्या कुत्र्यात लावल्यावर वाढलं, आणि गरजेपेक्षा मोठं लिव्हर बसवलं तर ते आकसतं. पण तान्ह्या बाळात तुकडा बाळाच्या वजनाच्या ४ टक्क्यांहून मोठा झाला तर पोट बंद होत नाही आणि दाबाने रक्तप्रवाह अडतो. आकसायला वेळ लागतो, दाब पहिल्याच दिवशी असतो. म्हणून तो आधीच तासून लहान करतात.

२०. दाता कोण होऊ शकतो?

१९९४ चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा आणि २०११ ची दुरुस्ती यांनुसार पती-पत्नी, आई-वडील, मुलं, भावंडं, आजी-आजोबा, नातवंडं हे जवळचे नातेवाईक. वय १८ पूर्ण हवं. मामा, काका, मेहुणा, जावई यात बसत नाहीत. त्यांना प्राधिकार समितीची परवानगी लागते. मरणोत्तर दात्याचं लिव्हर मिळावं म्हणून रुग्णाचं नाव यादीत घालायचं तर पुणे भागात नोंदणी हॉस्पिटलमार्फत पुण्याच्या झोनल ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेशन सेंटरकडे होते. उजवा भाग देणाऱ्याच्या जिवाला धोका साधारण हजारात दोन ते पाच इतका आहे. ‘वाढतंच की परत’ म्हणून दात्याला भरीस घालणाऱ्यांना हा आकडा ऐकवा.

२१. वाढीच्या काळात कॅन्सरही वाढतो का? केमो कधी सुरू होते?

ग्रोथ फॅक्टर गाठीच्या पेशींनाही लागू पडतात. म्हणून पोर्टल फांदी बंद करून थांबायच्या आठवड्यांत (प्रश्न ८) गाठी वाढू शकतात. राहणाऱ्या बाजूला छोट्या गाठी असतील तर आधी त्या काढून मगच ती बाजू वाढवतात. ऑपरेशननंतर केमो सहसा चार ते सहा आठवड्यांनी. बेव्हासिझुमॅब हे कॅन्सरचं औषध चालू असेल तर ऑपरेशनच्या आधी सुमारे सहा आठवडे थांबवतात, कारण ते व्हीईजीएफ अडवतं आणि जखम भरण्यात खोडा घालतं. शेवटचा डोस कोणत्या तारखेला झाला ते सर्जनला आपणहून सांगा, दोन हॉस्पिटलांच्या मध्ये ही तारीख हटकून हरवते.

२२. दोन वर्षांनी सोनोग्राफीत ‘उजवा लोब दिसत नाही’ असं आलं. काय समजायचं?

उजवा भाग काढला असेल तर रिपोर्ट बरोबर आहे. सोनोग्राफी करणाऱ्याला ऑपरेशन सांगितलं नसेल तर ‘लिव्हर आकसलंय’, ‘पित्ताशय दिसत नाही’ अशीही वाक्यं येतात. फुगलेला डावा भाग उजवीकडे वळताना त्याच्याबरोबर मोठं आतडं आणि जठरही जागा बदलतं, त्यामुळे दुखण्याची जागासुद्धा पुस्तकातल्यासारखी नसते.

वळण्याचा एक खरा धोका सुरुवातीच्या दिवसांत असतो. उरलेला भाग फारच फिरला तर रक्त बाहेर नेणारी शीर पिळवटते आणि लिव्हर रक्ताने तुंबतं. म्हणून ऑपरेशन संपवताना सर्जन फॅल्सिफॉर्म लिगामेंट (लिव्हरला धरून ठेवणारा पडदा) पुन्हा पोटाच्या भिंतीला टाचून ठेवतात, आणि सगळं ठीक चाललेलं असताना एकाएकी पोटात पाणी वाढलं तर डॉप्लर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करून शीर बघतात.

डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनची नोंद आणि ऑपरेशननंतरच्या पहिल्या सीटीची सीडी एका फाइलीत ठेवा, फोटो मोबाइलमध्ये असू द्या. कुठल्याही तपासणीला झोपायच्या आधी ‘माझे सेगमेंट ५ ते ८ काढले आहेत’ एवढं एक वाक्य सांगा.